कार्पेटवरचा डाग दुसऱ्या दिवशी परत का येतो?

खायचा सोडा भुरभुरवा, वरून व्हिनेगर ओता, फेस पुसून घ्या, की गाडीतलं कार्पेट नव्यासारखं! असे व्हिडिओ हल्ली सतत समोर येतात. शाळेत शिकलेलं उदासिनीकरण आठवा. सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की उरतं पाणी, सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. आंबूस वासावर नुसता सोडा कामाचा, चहाच्या ताज्या डागावर पातळ केलेलं व्हिनेगरही थोडंफार चालतं. एकत्र केले की दोन्हींची ताकद संपते.

पण खरं कोडं पुढचंच आहे. शॅम्पू लावला, ब्रश मारला, डाग गेला. दुसऱ्या दिवशी कार्पेट वाळलं आणि डाग त्याच जागी हजर! लोक शॅम्पूच्या कंपनीला दोष देतात. बहुतेक वेळा कारण असतं केशाकर्षण, म्हणजे बारीक फटींतून द्रव आपोआप वर चढणं.

गाड्यांचं कार्पेट साधारणपणे पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलिन किंवा नायलॉनचं असतं आणि त्याच्या खाली आवाज दाबणारा फेल्टचा किंवा फोमचा थर. सांडलेला चहा तिथवर झिरपतो. आपण वरचं पुसतो. खालचं आपणच ओतलेल्या पाण्यात पुन्हा विरघळतं. आता बाष्पीभवन सगळ्यात जास्त कुठे होणार? धाग्यांच्या टोकांशी, कारण हवा तिथे लागते. टोकाचं पाणी उडालं की खालचं पाणी धाग्यांमधल्या बारीक फटींतून वर येतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. पाणी उडून जातं. साखर, टॅनिन (चहातलं डाग पाडणारं द्रव्य) आणि साबण टोकांवर साचत राहतात.

पाणी चढतं तरी किती? ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत ते सुमारे १५ सेंटिमीटर चढतं. कार्पेटची जाडी तर काही मिलिमीटरच. आणि इथेच मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. ही वर चढण्याची ओढ पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण) आणि स्पर्शकोनाची (थेंबाची कड धाग्याशी करते त्या कोनाची) कोसाइन यांच्या गुणाकारावर ठरते. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. पॉलिस्टरवर पाण्याचा स्पर्शकोन साधारण ७५ अंश, त्याची कोसाइन ०.२६. गुणाकार १९ च्या आसपास. साबण मिसळला की पृष्ठताण ३० च्या आसपास उतरतो, म्हणजे ओढ कमी व्हायला हवी. पण साबणाचं पाणी धाग्यावर पसरतं, कोन शून्याकडे जातो, कोसाइन १ कडे, आणि गुणाकार होतो ३०! म्हणजे कार्पेटमध्ये राहिलेला साबण डागाला वर यायला मदतच करतो. वर वाळल्यावर चिकट होऊन नवी धूळही धरतो.

म्हणून आधी कोरडं व्हॅक्यूम, कारण बुटांबरोबर आलेल्या मातीला पाणी लागलं की चिखल होतो. मग मोजकाच शॅम्पू आणि मऊ ब्रश. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टर. हे यंत्र साधं पाणी फवारतं आणि लगेच ओढून घेतं. ओढलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत फिरवत राहायचं. वॉशिंग सेंटरवर कोणता शॅम्पू वापरता हे विचारण्याआधी पाणी ओढून काढता का, ते विचारा. घरी यंत्र नसेल तर ओल्या जागेवर जाड सुती टॉवेल अंथरून त्यावर रात्रभर वजन ठेवा. बाष्पीभवन टॉवेलवर होतं, त्यामुळे डागही टॉवेलमध्ये चढतो.

ओलसर वासावर उपाय म्हणून काहीजण गाडीत कापराच्या वड्या ठेवतात. कापूर हवा शुद्ध करतो, अशी समजूत आहे. कापूर वास झाकतो, फेल्टमधली बुरशी वाढतच राहते.

मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत दारं उघडी ठेवून कार्पेट लवकर वाळत नाही. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, काचा बंद करा आणि एसी रिसर्क्युलेशनवर, म्हणजे गाडीतलीच हवा फिरत राहील असा, चालवा. थंड कॉइलवर बाष्पाचं पाणी होतं आणि गाडीखाली ठिबकतं. त्यातलं बरंचसं कार्पेटमधून आलेलं असतं.