शिवराई असो की पलटणीचं बटण: जमिनीत सापडलं तर कलेक्टरला काय कळवायचं

"फॉर्म कुठे मिळतो?" मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे पहिल्यांदा हेच विचारतात, तेही सेतू केंद्रात दोन खेपा घालून झाल्यावर. फॉर्म शोधू नका. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ (निखात निधी म्हणजे आपलं गुप्तधन) फक्त 'लेखी सूचना' मागतो, आणि ती कोऱ्या कागदावर चालते.

गुप्तधन म्हटलं की सोन्याचा हंडाच डोळ्यांपुढे येतो. कायद्याची व्याख्या बरीच रुंद आहे: जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडलेली, कसलीही किंमत असलेली वस्तू. सूचना कधी द्यायची, तर किंमत दहा रुपयांवर गेली की. होय, दहा. १८७८ सालचा आकडा अजून तसाच आहे. झिजलेली शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) सुद्धा ही रेघ सहज ओलांडते. पितळी बटणाला भंगारवाला दोन रुपये देईल, पण ब्रिटिश पायदळातल्या साध्या शिपायाच्या बटणावर पलटणीचा आकडा १८७१ पर्यंतच असे, त्यामुळे आकड्याचं बटण संग्राहकाच्या लेखी दहा रुपयांच्या वरचंच असतं. शंका असेल तर कळवून मोकळं व्हा.

आता सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट, मुदत. "चार ते सहा महिने आहेत ना?" असं मी किती जणांकडून ऐकलंय. ती मुदत तुमची नाही. सूचना मिळाल्यावर कलेक्टर जाहीर नोटीस काढतात आणि हक्कदारांना हजर राहायला तारीख देतात. ती तारीख नोटिशीनंतर चार महिन्यांच्या आत नसावी आणि सहा महिन्यांपलीकडे नसावी, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही मात्र 'शक्य तितक्या लवकर' कळवायचं असतं. न कळवल्यास तुमचा वाटा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जमीनमालकाने लपवायला साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत.

सूचनेत तीन गोष्टी हव्यात: वस्तूंचं वर्णन व संख्या किंवा अंदाजे किंमत, सापडल्याची जागा, सापडल्याची तारीख. तारखेवरच घोडं अडतं. एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत एकवीस नाणी घेऊन आले होते, चिंच लावून घासून लख्ख केलेली. तारीख विचारली तर म्हणाले, "दिवाळीच्या सुमारास." असं चालत नाही. सापडलं त्याच दिवशी जागेवर फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा, आणि कृपा करून घासू नका. नाण्यावर शतकभरात चढलेला थर गेला की अक्षरंही जातात आणि किंमतही.

सूचना कलेक्टरच्या नावे द्या. तलाठी, पोलीस पाटील, सरपंच यांना सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. टेबलावर "आमच्याकडे असा विषयच नाही" हे उत्तर मिळेल. वाद घालू नका, आवक विभागात कागद द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर कलेक्टर ठरवतील तो जामीन द्यायचा. जमा करताना पावतीवर नगसंख्या आणि वजन लिहून घ्याच.

सातबारा कायद्यात मागितलेला नाही, पण जागा कोणाची हा प्रश्न येणारच, आणि सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचंच नाव, ही घरोघरची कथा. सुनावणीच्या तारखेला जमीनमालक हजर नसेल तर त्याचा हक्क बुडतो. स्वतः जा किंवा प्रतिनिधी पाठवा. शोधणाऱ्यानेही घरी बसू नये.

वस्तू बेवारस ठरली आणि आधी काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. करार असेल तर करारानुसार. म्हणून दुसऱ्याच्या शेतात यंत्र फिरवण्याआधीच चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाणी निघाल्यावर मित्र मित्र राहत नाहीत. वस्तू शंभर वर्षांच्या आत कोणीतरी पुरलेली दिसली, तर तिच्यावर हक्क सांगत हजर झालेल्या दावेदाराला दिवाणी दाव्यासाठी वेळ दिला जातो, आणि मग वाट बघा.

वाटणीआधी सरकार ती वस्तू स्वतः घेऊ शकतं. मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. तांब्याच्या नाण्याला तांब्याचा भाव! संग्राहकांचे चेहरे इथेच पडतात.

हे सगळं साध्या शेतजमिनीबद्दल झालं. संरक्षित किल्ल्यांवर यंत्र नेऊच नका. स्मारकाभोवतीचे १०० मीटर आणि पुढच्या २०० मीटरचे पट्टे बांधकामावरच्या निर्बंधांचे आहेत, "१०१व्या मीटरला खणता येतं" हा अर्थ लोकांनी स्वतःच काढलाय. संरक्षित स्मारकातून काही उकरून काढलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बटणं छावणीच्या जागेत मिळतात म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी ती जमीन संरक्षण खात्याची असते हे आधी बघावं.

वाट्याला आलेलं नाणं शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या भावाकडे पाकिटातून पाठवता येत नाही, आणि परवान्याशिवाय त्याचा धंदाही करता येत नाही.