पोस्टकार्डावरचा घोडा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मामांच्या माडीवर बुद्धिबळाचा एक पट कायम मांडलेला असे. त्याला हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई. समोरचा गडी नागपूरचा, आणि चाल जायची पोस्टकार्डाने. कार्ड टपालपेटीत टाकायचं काम माझं. त्यावर एवढंच असायचं: ७१६३.

टपाली बुद्धिबळाची ही आंतरराष्ट्रीय लिपी. पटाच्या उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून १ ते ८ आकडे, आडव्या रांगांना त्याच्या बाजूने १ ते ८. पहिले दोन आकडे सोंगटी निघते ते घर, पुढचे दोन पोचते ते. सातव्या पट्टीतला, पहिल्या रांगेतला घोडा सहाव्या पट्टीत तिसऱ्या रांगेवर आला. भाषा कुठलीही असो, चाल कळते.

मामांची आवडती सुरुवात, म्हणजे डावातल्या पहिल्या ठरीव चाली, ‘स्कॉच’. १८२४ ते १८२८ या काळात एडिंबरो आणि लंडनच्या मंडळांमध्ये पत्राने सामना झाला. पाच डावांना चार वर्षं! एडिंबरो जिंकलं आणि या सुरुवातीला स्कॉटलंडचं नाव चिकटलं.

५२५४, ५७५५, ७१६३, २८३६, आणि मग ४२४४. वजिरापुढचं प्यादं तिसऱ्याच चालीत मधोमध जाऊन भिडतं. काळा ते मारतो, पांढरा घोड्याने परत मारतो. कोपऱ्यातल्या घोड्याचा दोनच घरांवर मारा असतो, पटाच्या मध्यावरून आठ घरांवर. शिवाय दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या. त्याची किंमतही आहे: काळ्याला लगेच त्या घोड्यावर किंवा राजापुढच्या प्याद्यावर चाल करून येता येतं.

हे सगळं तपासायला वेळ हवा. दोघांची पहिली चाल ४०० प्रकारे होऊ शकते, दोन-दोन चालींचे क्रम १,९७,२८१. समोरासमोर घड्याळ बोडक्यावर असतं. टपाली डावात एका चालीला दिवसच्या दिवस मिळतात, पुस्तकं उघडायला आणि सोंगट्या हलवून बघायला परवानगी असते. मला तर ही सुरुवातींची प्रयोगशाळाच वाटते. संगणकशास्त्रज्ञ हान्स बर्लिनर टपाली बुद्धिबळाचा विश्वविजेता झाला. त्या स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू एस्त्रिनविरुद्ध त्याने ‘दोन घोड्यांचा बचाव’ या सुरुवातीत पाचव्याच चालीत प्यादं पुढे सारून केलेली मांडणी आजही अभ्यासली जाते. आता संगणकाची मदत घेता येते, त्यामुळे वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात.

मामांच्या कार्डावर कधी जास्तीची ओळ असे: ‘५५४४ आल्यास ६३४४’. म्हणजे प्यादं मारलंच, तर घोड्याने परत मारतो, उत्तराची वाट बघू नका. तेवढ्याने नागपूर-कोल्हापूर टपालाची एक फेरी वाचायची. त्या दिवशी मामा स्वतःच कार्ड घेऊन पेटीपर्यंत यायचे.