मशागत आणि मातीतलं नत्र

नांगरट, रोटर, कोळपणी अशा कुठल्याही कामाने माती हलली की तिच्यात अडकून बसलेलं नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात सुटायला लागतं, शास्त्रात याला नत्राचं खनिजीकरण म्हणतात. मातीतलं ९० टक्क्यांहून जास्त नत्र सेंद्रिय पदार्थात असतं आणि मुळांना ते तसं घेता येत नाही. त्यातला बराच भाग मातीच्या बारीक बारीक गोळ्यांच्या आत असतो, तिथं हवा कमी आणि जीवाणूंचा शिरकाव अवघड, फाळाने किंवा रोटरच्या पात्यांनी गोळे फुटले की हवा आत जाते, जीवाणू ते खायला लागतात आणि अमोनियम सुटतं, मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात.

कराड, वाळव्याकडं उन्हाळी नांगरट करून रान तापवतात, त्यावर मृगाचा पाऊस पडला की वाळलेली माती भिजून एकदम नत्र सुटतं (बर्च या संशोधकाने १९५८ मध्ये हे मांडलं म्हणून बर्च परिणाम). पिकाला काळोखी (गडद हिरवा रंग) येते ती यामुळंही, आणि आपल्याला वाटतं नांगरटीने जमिनीत ताकद आली. पण नवीन काहीच आलेलं नसतं, कणगीतलंच काढलेलं असतं! मातीत सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.५ टक्के धरला तर एकरात वरच्या १५ सेंटीमीटर थरात सगळं मिळून साधारण ४०० किलो नत्र भरतं, वर्षाला त्यातलं १ ते ३ टक्के सुटतं, म्हणजे ४ ते १२ किलो (युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत जवळपास २१ किलो असतं). दरवर्षी रोटर मारून शेणखत, उसाचं पाचट (वाळलेला पाला) काही परत दिलं नाही तर हा साठा आटत जातो.

शिवाय सुटतं तेव्हा पीक लहान असतं. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, माण-खटावच्या मुरमाड रानात जोराच्या पावसाने खाली निघून जातं आणि कृष्णाकाठच्या चिबड रानात पाणी साचून हवा संपली की त्याचा वायू होऊन उडतं.

पाचट मातीत गाडलं तर मात्र उलटं होतं. पाचटात नत्राच्या मानाने कर्ब फारच जास्त, त्यामुळं ते कुजवताना जीवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) काही आठवडे पिवळा दिसतो. म्हणून पाचटावर युरिया टाकायला सांगतात. पाचट सरीत नुसतं वर पसरलं तर ते मातीत कमी मिसळतं आणि ही ओढाताण सावकाश होते, पेटवून दिलं तर त्यातलं बहुतेक नत्र धुरातच जातं.