वाचाघातींचा साहाय्यित गटसंवाद

पक्षाघात, डोक्याला झालेली इजा किंवा मेंदूतील गाठ यांमुळे बोलणे, समजणे, वाचणे व लिहिणे यांत येणारे वैगुण्य म्हणजे वाचाघात. वाचाघात झालेल्या काही व्यक्ती साहाय्यकाच्या आधाराने गप्पांना बसतात, त्यास साहाय्यित गटसंवाद म्हणतात. ‘वाचालोप’ हा पर्यायही आढळतो. परंतु वाचा क्वचितच समूळ लोपते, म्हणून ‘वाचाघात’ अधिक सयुक्तिक. घरी मात्र ‘वाचा गेली’ एवढेच म्हणतात आणि माणसाला कळतही नाही असे धरून चालतात.

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने १८६१ मध्ये जवळजवळ ‘टॅन’ एवढेच उच्चारणाऱ्या रुग्णाचे वर्णन केले. त्याने ‘ॲफेमी’ ही संज्ञा सुचविली होती. वाचाघातासाठी आज रूढ असलेली ‘ॲफेझिया’ ही संज्ञा फ्रेंच वैद्य त्रूसो याची (१८६४). गटपद्धतीचा प्रसार सामान्यतः दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाशी जोडतात. गप्पा हाच उपचार, ही दृष्टी त्यामानाने अलीकडची. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एल्मन व बर्नस्टाइन-एलिस यांच्या अभ्यासात २४ व्यक्तींना आठवड्याला पाच तास, असे चार महिने गटसंवाद देण्यात आला. संभाषणाच्या व भाषेच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. टोराँटोच्या वाक्-भाषा तज्ज्ञ ऑरा केगन यांनी रोख फिरविला : शिकवायचे ते समोरच्या बोलत्या माणसाला. त्यांच्या २००१ च्या प्रयोगात प्रशिक्षण केवळ स्वयंसेवकांना मिळाले, तरी वाचाघातींचा संवादही सुधारला.

ठाणे-नवी मुंबईत खरा पेच गटाच्या भाषेचा. घरात आगरी, शाळेत प्रमाण मराठी, कामावर हिंदी अशी अनेकांची वाटणी. यांपैकी कोणती आधी परतते? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याच्या मते (१८८१) बालपणीची. फ्रेंच वैद्य पित्र याच्या मते (१८९५) आजारापूर्वी सर्वाधिक वापरातली. पुढील नोंदींत सर्व भाषा बरोबरीने सुधारल्याचीच उदाहरणे अधिक असल्याने दोन्ही नियमांना आता मर्यादित मान्यता आहे. तेव्हा गटाची एकच भाषा ठरवून देऊ नये, हे बरे. आरती किंवा पाढे अस्खलित येतात म्हणून संवाद साधला असे मात्र समजू नये. तो पाठांतराचा ओघ असतो.

साहित्य साधे : जाड पेन, कोरे कागद, कॅलेंडर, ‘हो / नाही / माहीत नाही’ असा तक्ता आणि ठाणे-वाशी मार्गाचा नकाशा. समजा, एकाला आपली नोकरी सांगायची आहे आणि तोंडून फक्त ‘ते... ते’ निघते. साहाय्यक नकाशा पुढे सरकवतो. बोट ऐरोलीवरून घसरत रबाळ्यावर थांबते. ‘रबाळे. कंपनीत?’ कागदावर ‘कंपनी’ आणि ‘दुकान’ हे दोन शब्द लिहून तो गप्प राहतो. बोट ‘कंपनी’वर येते. ‘म्हणजे रबाळ्याच्या कंपनीत होतात, बरोबर?’ ही खातरजमा झाल्यावरच विषय शेजारच्याकडे जातो. सर्वांत अवघड असते ते मधले गप्प राहणे. सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा मायेनेच वाक्य पुरे करतो आणि संवाद तिथेच खुंटतो. त्यामुळे काही वेळ नातेवाइकांना वेगळे बसविणे हितावह.

वाक्-भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने वाचाघाताचा उल्लेख केला आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्था. १९८३) वाक्-श्रवण क्षेत्रातील प्रशिक्षण देते. वाचाघाताबरोबर बहुधा उजवा हात-पाय लुळा पडलेला असतो. म्हणून बैठक तळमजल्यावर व लोकलची गर्दी ओसरल्यावर, दुपारी ठेवणे सोयीचे.