दापोलीला लग्न करताय? नवरदेवाकडच्यांसाठी माहितीपत्रक

मुलीकडच्यांनी लग्न करून द्यायचं आणि मुलाकडच्यांनी सीमांतपूजनाला वेळेवर पोहोचायचं, ही वाटणी गावातल्या कार्यालयापुरती ठीक होती. आंजर्लं, मुरुड, लाडघर किंवा केळशीच्या रिसॉर्टवर लग्न ठरलं की शंभर-सव्वाशे माणसांचं वऱ्हाड घाट उतरवून दोन रात्री मुक्कामी ठेवायचं असतं. सजावट आणि जेवणाचा मेनू दोन्ही घरं मिळून ठरवतीलच. नवरदेवाने स्वतःकडे घ्यायचं काम म्हणजे वेळ आणि माणसं. त्यासाठी मुहूर्ताच्या मिनिटापासून उलटं मोजत यायचं.

तारीख धरताना

तुळशीचं लग्न झाल्यापासून मार्चपर्यंतचा काळ किनाऱ्यावर सुखाचा. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या घामाने शेरवानी पाठीला चिकटते, फोटोतही दिसते. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या वर्षी उन्हाळ्यातले मुहूर्त मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटतात आणि खोल्यांचे भावही चढतात.

मुहूर्त सकाळचा, शक्यतो अकराच्या आतला मागा. सकाळी मतलई वारे असतात, जमिनीकडून येणारे आणि मंद. दुपारपासून खारे वारे सुटतात. मग अंतरपाट दोघांना चार हातांनी धरावा लागतो, माइकमध्ये मंगलाष्टकांऐवजी वारा ऐकू येतो आणि होमाचा धूर थेट नवरा-नवरीच्या डोळ्यांत जातो. गोरज मुहूर्तच हवा असेल तर होमाच्या समुद्राकडच्या बाजूला कमरेइतका उंच आडोसा लावून घ्या. कापडी पडदा चालत नाही, फडफडून आत येतो.

मांडव वाळूवर घालायचा हट्ट असेल तर पंचांग काढा. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. अष्टमीच्या संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो ठरवले तर पाणी पायाशी असणार. पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या आधी-नंतर येते, उधाणाची असते आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या वाळूवरही चढते. तारीख पक्की करण्याआधी छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ ताडून पाहा. वाळूत खुर्च्यांचे पाय रुततात, आजी-आजोबांना चालवत नाही, त्यामुळे खाली प्लायवूड टाकावं लागतं. आमचा सल्ला सरळ आहे : विधी हिरवळीवर करा, वाळूवर फक्त फोटो काढा. तरीही मांडव किनाऱ्यावरच घालायचा असेल, तर ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि मेरीटाईम बोर्ड यांपैकी कोणाकोणाची परवानगी लागेल ते रिसॉर्टवाल्याकडून लेखी घ्या.

खोल्या : इथेच सगळ्यात जास्त फसगत होते

बहुतेक ठिकाणी चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट सकाळी अकराला असतं. पुण्याहून पहाटे पाचला निघालेली बस अकरा-साडेअकराला पोहोचते आणि वऱ्हाड तीन तास लॉबीत बसतं. लग्नाच्या दिवशी याच्या उलट होतं. मुहूर्त साडेदहाचा आणि खोल्या अकराला सोडायच्या, म्हणून अक्षता टाकून झाल्या-झाल्या शालू नेसलेल्या मावश्या बॅगा भरायला पळतात. करारातच लिहून घ्या : पहिल्या दिवशी सकाळी अकरापासून निदान पाच खोल्या आणि लग्नाच्या दिवशी सर्व खोल्या संध्याकाळी पाचपर्यंत. सगळ्या मिळत नसतील तर पाच तरी सोडू नका : एक नवरा-नवरीला, एक ज्येष्ठांना पडायला, दोन कपडे बदलायला आणि एक कुलूपबंद, बॅगांसाठी.

खोलीत तिघे धरले तर शंभर माणसांना चौतीस खोल्या लागतात. पण गुरुजी, छायाचित्रकार, फेटेवाले आणि बसचे ड्रायव्हर या हिशेबात राहून जातात. ड्रायव्हरला रात्रीची झोप मिळालीच पाहिजे, कारण परतीचा घाट तोच चढवणार आहे. दर जीएसटीसह आहे की वगळून, जादा गादीचे पैसे किती आणि जेवणाची किमान ताटं किती धरली आहेत, हे तिन्ही प्रश्न आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. पाहुण्यांची यादी 'नक्की', 'बहुधा' आणि 'बघू' अशा तीन रकान्यांत करा. किमान ताटांचा आकडा पहिल्या रकान्यावरूनच द्या. ताटं वाढवता येतात, कमी करता येत नाहीत.

वऱ्हाड

पुणे ते दापोली ताम्हिणी-माणगावमार्गे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. गाडीने पाच तास, बसने सहा, कधी जास्तच. मोठी लक्झरी बस दापोलीपर्यंत आरामात येते, पण किनाऱ्यावरच्या वाड्यांमधल्या गल्लीत वळत नाही. शेवटच्या टप्प्यासाठी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर ठेवा किंवा आधीच लहान बस घ्या. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते, आगारात लवकर अर्ज करावा लागतो. एसटीच्या चालकांचा घाटावर हात बसलेला असतो, हा मोठा फायदा. मुंबईकडच्यांना कोकण रेल्वेने खेडला उतरून पुढे तासाभराचा रस्ता. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळी कोणीतरी एकाने सगळ्यांची तिकिटं काढावीत. उलटीची गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, आणि वाटेतला नाष्टा मिसळीचा नको.

प्रत्येकाने मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, रिसॉर्टवर सगळ्यांचं लागतं.

लग्नाच्या सकाळचं उलटं गणित

मुहूर्त म्हणजे अंतरपाट दूर होण्याची वेळ. 10:35 चा मुहूर्त असेल तर मंगलाष्टकं सव्वादहाला सुरू झाली पाहिजेत, म्हणजे पावणेदहापर्यंत सगळ्यांचे फेटे बांधून झालेले हवेत. सराईत माणसाला एका फेट्याला दोन-तीन मिनिटं लागतात. साठ फेटे म्हणजे एकट्याचे अडीच तास, म्हणून फेटेवाले दोन हवेत आणि त्यांनी साडेआठला हात लावायला हवा. नवरदेवाचा फेटा शेवटी बांधा, नाहीतर आधीचे विधी होईपर्यंत तो सैल पडतो. फुलांच्या मुंडावळ्या खाऱ्या हवेत मान टाकतात. मोत्यांचा एक जोड बॅगेत ठेवा. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या आणि कानपिळीचं पाकीट एकाच छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी बसच्या डिकीत नाही, करवलीच्या किंवा काकूच्या खांद्याला.

आदल्या रात्रीची हळद सहाला सुरू करा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि साडेनऊला रंगात आलेली हळद दहाला बंद करणं कोणालाच जमत नाही. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला द्यायची, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खोल्या वेगवेगळ्या आवारात नकोत.

गुरुजी, नोंदणी, परतीचा प्रवास

गुरुजी आपले न्यायचे असतील तर त्यांच्या मुक्कामाचं पाहा. स्थानिक घेतले तर आपल्या घरची पद्धत फोनवर आधी सांगा, शिवाय साहित्य कोण आणणार ते ठरवून घ्या. समिधा आणि गोवऱ्या हवाबंद पिशवीत न्या, दमट हवेत पेटायला त्रास देतात. ग्रहमख आणि देवक घरी उरकायचं की तिथे, हे घरातले वडीलधारे आणि गुरुजींनी ठरवावं. घरी उरकलं तर लग्नाची सकाळ खूप मोकळी होते.

विवाहनोंदणीच्या अर्जावर गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. अर्ज छापून सोबत न्या आणि जेवणाच्या पंगतीआधी सह्या घ्या, गुरुजींच्या ओळखपत्राची प्रतही तेव्हाच. नाहीतर एका सहीसाठी पुन्हा दापोली गाठावी लागते. लग्नपत्रिकेवर तारीख आणि स्थळ स्पष्ट छापलेलं हवं, नोंदणीला पत्रिका लागते.

त्याच दिवशी परतायचं असेल तर तीनच्या आत निघा. गृहप्रवेश तरीही रात्री नऊच्या पुढे जातो. तांदळाचं माप, ओवाळणीचं ताट आणि लक्ष्मीपूजनाची तयारी करायला घरचं एक जोडपं पंगत होताच पुढे पाठवा, आणि घराची किल्ली आठवणीने त्यांच्याकडे द्या.