अंगठा तुमचाच, पैसे काढणारा दुसरा

पासबुक छापून हातात येते आणि त्यात एकाखाली एक ओळी दिसतात: १०,०००, १०,०००, १०,०००, मग ३,५००. समोर ‘एईपीएस’. खातेदाराने कोणाला ओटीपी सांगितलेला नाही, कुठली लिंक उघडलेली नाही, कार्ड तर कपाटात आहे. बँकेत विचारले की उत्तर ठरलेले असते: “व्यवहार तुमच्याच अंगठ्याने झालाय.”

एईपीएस म्हणजे आधारवर चालणारी पैसे काढण्याची सोय. गावातल्या बँक मित्राकडे (बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे) मायक्रो एटीएम या छोट्या यंत्रावर आधार क्रमांक टाकायचा, यादीतून बँक निवडायची, बोट ठेवायचे. खाते क्रमांक, पिन, ओटीपी काहीच लागत नाही. एटीएम नसलेल्या गावांत ही सोय फार मोलाची आहे, पण चोरालाही याच तीन गोष्टी पुरतात. एका वेळी १०,००० रुपयांचीच मर्यादा असल्याने रक्कम अशी तुकड्यांत जाते.

ठसा मिळतो कुठून? नोंदणी कायद्याच्या कलम ३२अ नुसार खरेदीखतावर फोटो आणि बोटांचे ठसे लागतात. त्याच दस्तात बऱ्याचदा आधार क्रमांक असतो आणि मोबदल्याच्या चेकचा तपशील लिहिताना बँकेचे नावही येते. म्हणजे तिन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात. २०१८ मध्ये तेलंगणात पोलिसांनी उघड केलेल्या एका प्रकरणात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून, त्यांवरच्या ठशांचे रबरी नमुने बनवून सिमकार्डे सुरू केली होती. तिथे हेतू सिमचे टार्गेट गाठण्याचा होता. खात्यांवर हात मारणाऱ्यांनीही पुढे हीच वाट धरली.

रबरी ठसा स्कॅनरला फसवू शकतो, कारण ठसे जुळवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पूर्ण चित्र ताडून पाहिले जात नाही. रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, एवढ्या बिंदूंच्या जागा आणि दिशा जुळवल्या जातात. चांगल्या नकलेत हे सगळे बिंदू जागच्या जागी असतात. स्कॅनरकडून जाणारी माहिती कूटबद्ध असते, पण त्यामुळे फक्त आधी साठवून ठेवलेला ठसा पुन्हा पाठवण्याची चोरी थांबते. काचेवरचे बोट खोटे असेल तर कूटबद्धही खोटेच होते. म्हणून आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बिंदूंबरोबर बोटाची प्रतिमाही तपासून ते जिवंत आहे का, हे पाहणारी पद्धत आणल्याचे जाहीर केले.

आपल्या हातात असलेला खरा उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. ‘माय आधार’ संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत अॅपमध्ये ओटीपीने ते लागते, त्यामुळे मोबाइल आधारला जोडलेला हवा. लॉक असताना खरा अंगठाही नाकारला जातो. रेशन दुकानात किंवा हयातीच्या दाखल्याला ‘ठसा जुळत नाही’ म्हणून धांदल उडते ती इथेच. जाण्याआधी थोड्या वेळापुरते उघडावे. त्याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांतला पडताळणीचा इतिहासही दिसतो. त्यात आपण न केलेले प्रयत्न, फसलेलेसुद्धा, दिसले तर ताबडतोब लॉक लावावे.

पैसे गेलेच असतील, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेत लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना खातेदाराची, अशा व्यवहाराची तक्रार बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर खातेदारावर काहीही बोजा पडत नाही. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ बसते. त्यानंतर सगळे बँकेच्या धोरणावर. जबाबदारी खातेदाराची आहे हे सिद्ध करणे मात्र बँकेचे काम आहे, त्यामुळे ‘तुमचाच अंगठा’ एवढ्यावर गप्प बसून परतू नये. तक्रारीत प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहावा आणि तो कोणत्या मायक्रो एटीएमवर, कोणत्या गावात, किती वाजता झाला, याची लेखी माहिती मागावी. त्या वेळी तुम्ही शंभर किलोमीटर लांब असल्याचे हजेरीपुस्तक किंवा तिकीट असेल, तर तेही जोडावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.