पार्श्वभूमी : ग्रेसहिलच्या आधीचे जॉन सेनिक

उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल या गावाचा २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची ही वसाहत ज्यांच्या उपदेशाच्या बळावर उभी राहिली, ते इंग्रज उपदेशक जॉन सेनिक मात्र ती वसण्यापूर्वीच वारले होते.

बोहेमियाचे (आजच्या चेकियातील) धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या विचारांतून १४५७ मध्ये बंधुसंघ निर्माण झाला आणि छळामुळे पांगलेल्या त्या परंपरेतील काही कुटुंबांनी १७२२ मध्ये जर्मनीतील सॅक्सनीत, काउंट झिंझेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर हेर्नहुट हे गाव वसवले. हेच पुढे मोरेव्हियन म्हणून ओळखले गेले. तिथली भक्ती इंग्लंडमध्ये पोहोचली, तेव्हा सेनिक ऐन विशीत होते.

त्यांचा जन्म १७१८ मध्ये रेडिंग येथे झाला. जून १७३९ मध्ये ते ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडला गेले, ते खाणकामगारांच्या मुलांना शिकवण्याच्या विचाराने. तिथे प्रवचन वाचून दाखवणारा तरुण वेळेवर आला नाही. जमलेल्या खाणकामगारांनी आग्रह धरला आणि पाद्रीपदाची दीक्षा न घेतलेले सेनिक एका झाडाखाली बोलायला उभे राहिले. मेथडिस्ट या इंग्लंडमधील ख्रिस्ती पुनरुज्जीवन चळवळीतील पहिल्या सामान्य, म्हणजे पाद्री नसलेल्या, उपदेशकांत त्यांची गणना होते ती या प्रसंगामुळे.

कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, या पूर्वनियोजनाच्या सिद्धांतावरून १७४१ मध्ये मेथडिस्ट चळवळीचे नेते जॉन वेस्ली यांच्याशी त्यांचे बिनसले आणि तो सिद्धांत मानणारे उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या बाजूला ते गेले. त्याच वर्षी स्विंडनला जमावाने त्यांच्या आणि वेल्सचे उपदेशक हॉवेल हॅरिस यांच्या तोंडाजवळ बंदुका धरून बार काढले. दोघांचे चेहरे बंदुकीच्या दारूने काळे पडले. मग बंबाने त्यांच्यावर गटाराचे घाण पाणी सोडण्यात आले. तरीही विल्टशर परगण्यात सेनिक यांनी भाविकांच्या मंडळ्या उभ्या केल्या आणि १७४५ मध्ये मोरेव्हियनांत जाताना त्या याच पंथाच्या हाती सोपवल्या. या निर्णयाकडे केवळ पक्षबदल म्हणून पाहणे अन्यायाचे होईल, कारण वादापेक्षा ख्रिस्ताच्या जखमांवर मन एकाग्र करणारी भक्ती त्यांना हवी होती आणि ती त्यांना इथे सापडली.

१७४६ मध्ये ते डब्लिनला गेले. ‘बाळंत्याने गुंडाळलेले’ बालक, हे गव्हाणीतल्या येशूचे वर्णन मराठी बायबलच्या वाचकांना परिचित आहे. याच वचनावरील त्यांच्या उपदेशावरून विरोधकांनी ‘स्वॉडलर’, म्हणजे बाळंत्यात गुंडाळणारे, असे हिणवायला सुरुवात केली, आणि पुढे ते नाव आयर्लंडमधील मेथडिस्टांनाही चिकटले. त्यानंतर अँट्रिम परगण्यात, बॅलिमिनाच्या परिसरात, त्यांनी अनेक मंडळ्या स्थापन केल्या.

गीतकार म्हणूनही त्यांचे श्रेय असेच मागे पडले. ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे त्यांचे गीत जॉन वेस्ली यांचे बंधू चार्ल्स वेस्ली यांनी १७५८ मध्ये नव्याने रचले, आणि आज गीतसंग्रहांत प्रामुख्याने चार्ल्स वेस्ली यांचेच नाव दिसते. इंग्रजी घरांत जेवणापूर्वी म्हटली जाणारी ‘बी प्रेझेंट अ‍ॅट अवर टेबल, लॉर्ड’ ही १७४१ मधील प्रार्थनाही त्यांचीच. ती म्हणणाऱ्या बहुतेकांना कर्ता ठाऊक नसतो.

सततच्या प्रवासाने शरीर खचले होते. ४ जुलै १७५५ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि चेल्सीतील मोरेव्हियन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. ग्रेसहिलची वसाहत त्यानंतर चार वर्षांनी आकार घेऊ लागली.